आम्हाला जीटीए नको, खाणावळ हवी

एक माणूस आहे. नगरपालिकेत नोकरीला आहे आणि त्याचं काम आहे इमारती खाणं. पाडणं नाही, खाणं. त्याला एक मनोरा नेमून दिलाय आणि तो खाता खाता त्या मनोऱ्याचा इतिहासही त्याच्या पोटात जातो.

हा एक व्हिडिओ गेम आहे. 'द इंडिफरंट वंडर ऑफ ॲन एडिबल प्लेस', साल २०२०. बनवणारे स्टुडिओ ओलिओमिंगस. ध्रुव जानी हे त्यातलं मुख्य नाव आणि स्टुडिओचा पत्ता गुजरातेत वापीजवळचं चला. मुंबई सेंट्रलहून गाडी पकडली तर तीनेक तासांत वापी येतं. गेम त्याच्या कितीतरी आधी संपतो, इतका छोटा आहे.

मी तो खेळलो तेव्हा परळच्या आमच्या खिडकीतून समोरची चाळ हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसत होती. गिरगावात जा, लालबागला जा, नायगावला जा, तीच जाळी. अर्धं गिरणगाव संमतीपत्रांवर सह्या करून ट्रान्झिट कॅम्पात बसलंय, आणि इमारती खाणाऱ्या माणसाचा गेम सुचतो कुणाला, तर वापीच्या माणसाला.

मला याचा राग येतो. ध्रुव जानींचा नाही, त्यांचे गेम मी मिळतील तेवढे खेळलोय. राग आहे तो मुंबईच्या गेम इंडस्ट्रीचा, जी पंचवीस वर्षं याच शहरात बसून आहे. आणि थोडासा तुमचाही, म्हणजे प्रत्येक ट्रेलर बघून 'पण भारताचा जीटीए कधी येणार' असं विचारणाऱ्या माझ्याच वयाच्या लोकांचा.

पंचवीस वर्षं हा आकडा हवेतला नाही. विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स १९९९ मध्ये मुंबईत सुरू केली. तेव्हा इवल्याशा स्क्रीनच्या फोनवर क्रिकेटचे आणि नव्या सिनेमांच्या नावाचे गेम निघायचे. २०११ साली ती कंपनी डिस्नीच्या हातात गेली. नझारा मुंबईचीच, मार्च २०२१ मध्ये तिचा शेअर बाजारात आला. ड्रीम११ मुंबईची, ती तर भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर जाऊन बसली. म्हणजे पैसा होता. प्रोग्रॅमर होते. चित्रकारांचं म्हणाल तर जे. जे. मधून दरवर्षी ढिगाने बाहेर पडतात. आता या सगळ्यातून निघालेला असा एक गेम मला दाखवा, जो खेळून माणूस म्हणेल की हे फक्त मुंबईतच सुचू शकतं. लोकल ट्रेनच्या पार्श्वभूमीवर पळणारा हिरो चालणार नाही. तो कुठेही पळू शकतो.

नवी मुंबईत बनलेल्या लुडो किंगची चेष्टा मात्र मी करणार नाही. लॉकडाऊनमध्ये माझी गिरगावातली आत्या आणि डोंबिवलीतली मावशी, ज्या एका लग्नातल्या मानपानावरून सहा वर्षं बोलत नव्हत्या, त्या लुडोवर रोज रात्री एकमेकींच्या सोंगट्या मारायच्या. ५० कोटींहून जास्त वेळा डाऊनलोड झालेल्या गोष्टीत काहीतरी असतंच. पण त्याचा प्रवास बघा. पचिसी आपली. इंग्लंडमध्ये १८९६ साली तिला साधं करून लुडो नावाने पेटंट घेतलं गेलं. आणि आपण २०१६ मध्ये तोच लुडो, त्याच चार रंगांचा, ॲप करून परत आणला. पटावर एक नवीन घरसुद्धा काढलं नाही.

मी स्वतः तीन वर्षं एका रमीच्या ॲपवर काम केलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, अशा बऱ्याच होत्या. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. माझे आजोबा याच पट्ट्यात साचा खात्यात होते, त्यामुळे घरी माझ्या नोकरीचं वर्णन 'गिरणीत जातो' असंच व्हायचं. पद 'गेम डिझायनर'. काम काय, तर हरलेला माणूस ॲप बंद करायच्या आत त्याला कुठल्या रंगाचं बटण दाखवायचं ते ठरवणं. हिरवं चालतं. हिरव्यावर जरा थरथर दिली तर आणखी चालतं.

तिथे मी एकदा एक छोटा, वेगळा गेम सुचवला होता. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "छान आहे, पण डे-सेव्हन रिटेन्शन किती येईल?" म्हणजे आज ॲप घेतलेल्या शंभर जणांपैकी सातव्या दिवशी किती परत येतील. हा प्रश्न वाईट नाही. पण ज्या धंद्यात एवढा एकच प्रश्न विचारला जातो, तिथे सातव्या दिवशी माणसाने परत का यावं, हे विचारणारं कुणी उरत नाही.

मग २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली. जर्सीवरचं नाव गेलं. कित्येकांना नारळ मिळाला, मलाही. ॲपसाठी मी रडलो नाही. टेस्टिंगला असलेल्या पोरांसाठी वाईट वाटलं. कर्ज काढून पहिलं घर घेतलेली पोरं होती ती.

तेव्हापासून जिकडेतिकडे ऐकू येतं की आता खरे गेम बनतील. सरकारही म्हणतंय. मे २०२५ मध्ये बीकेसीत वेव्ह्ज परिषद झाली. त्या जुलैत पेडर रोडला एनएफडीसीच्या आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचं पहिलं केंद्र उघडलं, त्यासाठी सुमारे ४०० कोटी रुपये ठरलेत. चांगली गोष्ट आहे. पण 'खरे गेम' म्हणजे काय असं विचारा, की दोनच उत्तरं येतात. एक, मुंबईच्या रस्त्यांवर गाडी उडवायचा गेम. दुसरं, गदा किंवा त्रिशूळ घेतलेला योद्धा आणि समोर राक्षस.

दुसऱ्या प्रकारात चांगलं काम झालंय, ते नाकारायचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी' बघण्यासारखा आहे. भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वास्तू, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. त्याचं किकस्टार्टर २०१७ मध्ये फसलं होतं, तरी त्यांनी तो पुरा केला. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ मध्ये आला, भारतीय भविष्यकाळ वगैरे. पण खेळताना हात काय करतात बघा. 'राजी'त हात करतात तेच, जे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त करायचे. 'इंडस'मध्ये करतात तेच, जे बीजीएमआयमध्ये करतात. नियम उसने आणले आणि त्यांना पैठणी नेसवली. पैठणी उत्तम आहे, पण तिच्या आत कोण आहे ते तर सांगा.

ज्यांना विचित्र गेम म्हणतात, त्यांचा विचित्रपणा तिथे असतो, नियमात. जपानमध्ये २००४ साली 'कातामारी दामासी' आला. त्यात तुम्ही एक चिकट गोळा लोटता, त्याला आधी पिना, खोडरबर चिकटतात, मग मांजरं, मग माणसं, मग इमारती. बस. त्या गेममध्ये एक गोष्ट कळते, की जग वस्तूंनी किती खच्चून भरलंय. ऑस्ट्रेलियातल्या हाउस हाउसच्या २०१९ च्या गेममध्ये तुम्ही एक बदक आहात आणि गावाला पिडणं हे तुमचं काम. १९८६ साली ताकेशी कितानो यांच्या नावाने निघालेल्या जपानी गेममध्ये एका जागी चक्क तासभर काहीही न दाबता थांबावं लागतं. (लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेवर कुणी गेम केला, तर त्याचा मूळपुरुष हा. खरोखरीच्या वेळात उभं राहायचं, मध्ये पावसाची सर, मोबाईलची बॅटरी ११ टक्के, आणि रांग एक फूट सरकली की टाळ्या. मी पैसे देऊन घेईन.)

आणि लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज', २०१३. सरहद्दीवरचा कारकून. समोर येणाऱ्याचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा. जितकी माणसं हातावेगळी कराल, तितका पगार. रात्री घरी गेलात की भाडं, जेवण, शेगडी, मुलाचं औषध यांत तो पगार वाटायचा, आणि तो पुरत नाही. बायकोचे कागद अपुरे आहेत, तिला आत सोडा, असं नवरा खिडकीशी सांगतो तेव्हा तुम्हाला दया येते, पण शिक्का मारताना बोट थांबतं. सिनेमात थांबणारं बोट नटाचं असतं. इथे ते आपलं असतं.

आता आपल्याकडे या. नियमातून काहीतरी सांगायचं हे आपल्याला परकं आहे का? वारकरी परंपरा मोक्षपट ज्ञानेश्वरांशी जोडते. कवड्या टाकायच्या, घरं चढायची. घरांना गुणदोषांची नावं. क्रोधाशी आलात की साप गिळतो, सत्संगाशी आलात की शिडी. म्हणजे पटावर बसलेल्या माणसाला जन्माचा हिशेब बोटांनी करून बघता यायचा. हा पट पुढे इंग्लंडात गेला, घरांवरची शिकवण हळूहळू गळून पडली, आणि आपल्या हातात परत आली ती सापशिडी, आकडे एक ते शंभर. साप का चावतो, हा प्रश्नच उरला नाही. डाव आहे, चावतो.

'व्यापार'ची गोष्ट तर याहून झणझणीत. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीच्या गॅलरीत मांडायचा तो 'व्यापार', पुठ्ठ्याचा पट, कागदी नोटा, आणि बँक होणारा एक लबाड दादा. तो मोनोपॉलीचा भाऊ. आणि मोनोपॉली निघाली लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मधून, ज्याचं पेटंट त्यांनी १९०४ साली घेतलं. जमीन अडवून बसणारा बाकीच्यांना कसा भिकेला लावतो, हे पोरांना खेळताना कळावं म्हणून त्यांनी तो केला. नंतर त्यांनी त्याला दोन नियमावल्या दिल्या. एकीत एकाच्या कमाईतून सगळ्यांना वाटा, दुसरीत एकच सगळं गिळतो. दोन्ही खेळा आणि बघा, असं त्यांचं म्हणणं. पार्कर ब्रदर्सनी १९३५ मध्ये त्यांचे हक्क ५०० डॉलरला घेतले आणि जगभर खपवली ती दुसरी नियमावली. आपण आज गॅलरीत बसून जिचा आनंद घेतो, तीच.

हे मी गिरणगावात बसून लिहितोय, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कारण गिरण्यांच्या जमिनीचं जे झालं, ते असंच झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकासाला काढली, तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त रिकाम्या जमिनीची करायची. गिरण्यांची बहुतेक जमीन तर शेड आणि गोदामांखाली. मग वाटायला राहिलं काय? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. आणि उरलेल्या थोड्या घरांसाठी गिरणी कामगारांना काय मिळालं? सोडत. २०१२ साली म्हाडाने पहिली सोडत काढली. आयुष्यभर धाग्यांत राबलेल्या माणसाचं घर नशिबाच्या चिठ्ठीवर. तुम्ही फ्री फायरमध्ये हिरे देऊन पेटी उघडता ना, आत काय निघेल ते माहीत नसताना, तेच. फक्त यांच्या पेटीची किंमत सगळा जन्म.

या सगळ्यावर नाटक आलं, सिनेमा आला, कविता तर उदंड आल्या. जयंत पवारांचं 'अधांतर' आलं, त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये 'लालबाग परळ' केला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास गोळा केला. या माध्यमांनी माणसांचं काय झालं ते सांगितलं. पण रिकामी जमीन आणि सगळी जमीन, या दोन शब्दांतला फरक अंगावर कसा येतो, ते हात घालून बघायचं असेल तर गेमसारखं दुसरं माध्यम नाही. त्याचं सगळं शरीरच नियमांचं असतं. आणि ज्या शहरात नियमाची एक ओळ बदलून एका अख्ख्या वस्तीचं भविष्य बदललं, त्या शहराच्या गेम कंपन्यांना पंचवीस वर्षांत नियमांतून काही सांगावंसं वाटलं नाही. त्याच आवारांत बसून आम्ही हिरव्या बटणाला थरथर देत होतो.

म्हणून मी काय मागतोय ते नुसतं सांगत बसत नाही, एक गेम सांगतो. साहेबांना सुचवला होता तो हाच. नाव 'खाणावळ'.

तुम्ही लालबागच्या चाळीत एका खोलीत खाणावळ चालवणाऱ्या बाई आहात. नवरा गिरणीत. जेवायला येणारे १४ जण. त्यांची घरं कोकणात नाहीतर घाटावर, ते इथे गाळ्यात पाळीपाळीने झोपतात आणि तुमच्याकडे दोन वेळ जेवतात. हिशेब महिन्याच्या पगाराला. तारीख १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर, डॉ. दत्ता सामंत पुढारी. आणि त्या महिन्याला पगार आला नाही.

पुढे सगळं तुमच्या हातात. वाण्याची उधारी किती वाढवायची. रेशनचं रॉकेल कुणाला उसनं द्यायचं. १४ जणांतला एक बदली कामगार आहे, संपाआधीसुद्धा त्याला महिन्यातले मोजकेच दिवस काम मिळायचं, त्याच्याकडे आधीचीच बाकी आहे. त्याला ताट वाढायचं का? एक जण गावाला जातो म्हणतो, भात कापणी झाली की पैसे पाठवतो म्हणतो. पाठवील? मंगळसूत्र गहाण टाकायचं की नाही? एक दार आणखी आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं, खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. त्या मंडळात गेलात तर वेगळा रस्ता उघडतो, पण त्यासाठी आधी बैठकीला जायला वेळ काढावा लागतो, आणि तुमच्या चुलीवर दोन वेळचं रांधायचं असतं.

गेममध्ये उजव्या कोपऱ्यात दिवस मोजले जातात. किती दिवस काढायचेत, हा आकडा कुठेच नाही. त्या बाईंना तरी कुठे माहीत होता? हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे जिंकलात असं सांगणारा पडदा या गेममध्ये असू शकत नाही.

याचं डे-सेव्हन रिटेन्शन किती येईल, ते मी सांगतो: भिकार. कारण गेम दीड तासात संपतो, सातव्या दिवशी परत यायचं कामच नाही.

इथे मित्र म्हणतात, "भावा, पोट कशावर भरणार? असलं कोण खेळतं?" दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं. टोरंटोच्या विसाई गेम्सनी २०२३ मध्ये 'वेन्बा' केला. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि पुसलेली अक्षरं अंदाजाने भरत इडली करायची. मुलाचं तमिळ जसं तुटत जातं, तसं आईचं बोलणंही त्याला अर्धवट कळतं. त्याला २०२४ चा बाफ्टा मिळाला, पदार्पणाच्या गेमचा. गोव्यातल्या अरमान संधूंच्या फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्हने २०२१ मध्ये 'फरगॉटन फील्ड्स' केला, लहानपणीचं घर हातातून जाण्याआधी तिथे शेवटचं जाणाऱ्या लेखकावर. लोक खेळतात. आपण त्यांना समोर ठेवतो काय, तर तीन पत्ती आणि मग म्हणतो, लोकांना तीन पत्तीच लागते.

पोटाच्या प्रश्नाचं उत्तर दादरला आहे. शिवाजी मंदिरात व्यावसायिक नाटकं जोरात असताना, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकं व्हायला लागली. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'आविष्कार'ने ती जागा चालवली. शाळेचा हॉल, मोजकी प्रकाशयोजना. दिवसा बँकेत, कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी तालीम. कुणी श्रीमंत झालं नाही. पण मराठी नाटकाने काय करून बघायचं, हे बराच काळ त्या हॉलमध्ये ठरत होतं. सायक्लोस्टाइलवर अंक काढणाऱ्या लघुअनियतकालिकवाल्यांचंही तेच. आमच्या धंद्याला शिवाजी मंदिर आहे, एकापेक्षा एक चकचकीत. छबिलदास नाही. आणि ४०० कोटींच्या संस्थेत ते आपोआप उगवणार नाही, कारण तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना आधी परदेशी कंपन्यांच्या गेममधली झाडं आणि दगड बनवायची कामं मिळतील. वाईट कामं नाहीत ती, पगार वेळेवर होतो. पण दगड कुठे ठेवायचा ते दुसरं कुणी ठरवतं.

सायक्लोस्टाइल मशीन मात्र आता फुकट आहे. गोडो हे इंजिन फुकट, ट्वाइन फुकट, इच.आयओवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत. वर्षानुवर्षं एक अडचण होती ती देवनागरीची, आणि ती कुठल्याच परिषदेत कुणी बोलत नाही म्हणून इथे सांगतो. 'खाणावळ'चा पहिला नमुना मी युनिटीत केला. पहिल्याच पडद्यावर 'गिरणगाव' लिहिलं, आणि दिसलं 'गरिणगाव'. युनिटीचं टेक्स्टमेशप्रो अक्षरं एकामागून एक मांडतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाते हे त्याला कळत नाही. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. यावर उपाय म्हणून लोक काय करतात माहीत आहे? मराठी वाक्यांची चित्रं काढून चिकटवतात. नाहीतर सरळ इंग्रजीत लिहितात. माझ्या ओळखीतल्या चार जणांनी मराठीत गेम करायचा विचार फक्त या वेलांटीपायी सोडलाय. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं, त्यात अक्षरजुळणी नीट होते. ट्वाइन ब्राउझरमध्ये चालतं, तिथे तर प्रश्नच नव्हता. म्हणजे मराठीत गेम लिहिण्याची शेवटची तांत्रिक सबब गेली. आता जो म्हणेल की आपल्या भाषेत होत नाही, त्याने करून बघितलेलं नाही.

मी गोडोवर पुन्हा सुरुवात केली. दिवसा एका क्लासमध्ये कोडिंग शिकवतो, रात्री खाणावळ चालवतो. साडेतीनशे ओळींचे संवाद झालेत, भांड्यांचे आवाज घरच्याच स्वयंपाकघरातून घेतलेत, आई वैतागते.

आणि तो दाखवायचा कुठे, याचंही मी ठरवलंय. लालबाग-परळच्या मंडळांनी चलचित्रांचे देखावे करून पिढ्या घालवल्यात. महागाईवर केले, हुंड्यावर केले, भ्रष्टाचारावर केले. कळ दाबली की बाहुली हलते, निवेदन वाजतं, लोक रांगेत उभं राहून बघतात. कळ फक्त कार्यकर्त्याच्या हातात असते, एवढाच काय तो फरक. ती बघणाऱ्याच्या हातात द्या. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं. मूर्तीच्या डाव्या बाजूला पडदा, एक प्रोजेक्टर, एक जुना लॅपटॉप, दोन बटणं. दर्शनाला आलेला माणूस पाच मिनिटं खाणावळ चालवेल. अध्यक्ष म्हणाले, संप दाखवला की सगळ्या पक्षांचे लोक येऊन बसतील. खजिनदार काकांनी विचारलं, लाइट किती खाईल. एका कार्यकर्त्याला हायस्कोअर हवा होता, सगळ्यात जास्त दिवस टिकलेल्याला ट्रॉफी. ट्रॉफीवर अर्धा तास चर्चा झाली.

सचिवांच्या आई दारात बसून ऐकत होत्या. संपाच्या काळात त्यांनी डबे केलेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "ते सगळं ऱ्हाऊ दे. वरणात पाणी किती घालायचं, ते आहे का रे तुझ्या खेळात?"

त्या बटणाचं काम सध्या चालू आहे.